शिकारीचा दाम आणि शेतकऱ्याचा वांटा

परमुलखांतून शिकारीस येणाऱ्या हौशी गृहस्थास गांवच्या शिकाऱ्यापेक्षां कितीतरी पट अधिक खर्च पडतो. पाहुण्यास लुबाडण्याचीच ही रीत, असा पुष्कळांचा समज आहे. आम्हांस तो मान्य नाहीं.

पाणवठे, पायवाटा, सावजाचा माग हें सर्व गांवच्या माणसास लहानपणापासून ठाऊक असतें; भाकरी घरची, पाय स्वतःचे. पाहुण्यास हेंच ज्ञान रोख पैसे मोजून घ्यावें लागतें. वाटाड्या, हांका घालणारे, मचाण, तंबू, परवाना, सारें आठ दिवसांत जमवावयाचें, तेव्हां दाम चढणारच.

परंतु खरें कारण याहून खोल आहे. जनावर पोसतो कोण? अमेरिकेंतील मोंटाना राज्यांत १९७६ च्या हंगामांत एल्क नांवाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना रहिवाशास ९ डॉलरांत मिळे. बाहेरच्यास मात्र २२५ डॉलरांचा एकत्रित परवानाच घ्यावा लागे. तक्रार तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९७८ सालीं सहा विरुद्ध तीन मतांनीं निकाल राज्याच्या बाजूनें लागला. पाहुण्याची ही करमणूक आहे, उपजीविका नव्हे. आणि जनावरांच्या राखणीस रहिवासी वर्षभर हातभार लावीत असतात, असा त्याचा आशय होता. पाकिस्तानच्या डोंगरांत मारखोर या रानबोकडाच्या परवान्यास परदेशी शिकाऱ्यांनीं लाखावर डॉलर मोजले आहेत. पण त्यांतील शेंकडा ८० हिस्सा तेथील गांवांस मिळतो, ही त्यांतील घेण्यासारखी गोष्ट.

आतां आपल्या जिल्ह्याकडे पाहूं. दाजीपूरचें रान कोल्हापूर संस्थानचें राखीव शिकारीचें रान होतें. १९५८ सालीं तें अभयारण्य झालें आणि १९७२ च्या कायद्यानें शिकारीवर कडक निर्बंध आले. आज पाहुणा बंदुकीऐवजीं दुर्बीण घेऊन गवा पाहण्यास येतो व प्रवेशशुल्क भरतो. तोच गवा रात्रीं राधानगरीकडील शेतकऱ्याच्या उसांत उतरतो. सरकार नुकसानभरपाई देतें खरें, पण अर्ज आणि पंचनामा झाल्यावर. आणि रात्रभर शेतांत जागलेल्या माणसाची मजुरी कोणत्या पंचनाम्यांत लिहितात?

कुरुंदवाडास हें दुःख दूरचें वाटेल. तथापि ज्या पंचगंगेवर आपले मळे पिकतात तिची भोगावती त्याच रानांतून येते, आणि तें रान टिकलें तें तेथील शेतकऱ्याने सोसलें म्हणून.

यास्तव पाहुण्याकडून शुल्क अधिक घ्यावें, आजूबाजूच्या गांवकऱ्याकडून नाममात्र. मात्र त्या पैशाचा ठराविक हिस्सा ज्यांच्या पिकांवर गवा चरतो त्या गांवांकडे परस्पर जावा, आणि कोणत्या गांवास किती गेला याचा हिशेब दरसाल चावडीवर लागावा. सभासदांनीं या अर्थाचा ठराव येत्या सभेंत मांडावा, अशी आमची सूचना आहे.