अपग्रेड कुणाचं, बे?

मागच्या दिवाळीत मी माझ्या मावसभावाला एक सल्ला दिला आणि तो चुकीचा होता. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं भांडण आधी माझ्याशीच आहे हे कळेल.

दादा सोलापुरात कीबोर्ड वाजवतो. ऑर्केस्ट्रा, हळदीचे कार्यक्रम, भीमजयंतीची गाणी, नवरात्रात देवीची गाणी. ज्याची सुपारी येईल ते. त्याच्याकडे यामाहाचा मोटिफ एक्सएफ6 आहे. 2010 साली आला तेव्हा यामाहाच्या सिंथमध्ये त्याच्या वर काही नव्हतं. 2016 मध्ये त्याच्या जागी मोंटाज आला. मोटिफ विकून मोंटाज घ्यायचा तर वर जेवढे पैसे घालावे लागत होते, तेवढ्यात नवी दुचाकी आली असती. म्हणजे हप्ते. म्हणजे पावसाळ्यात कार्यक्रम नसतात तेव्हाही हप्ते.

त्याने मला विचारलं, कारण मी इंजिनिअर. मी काय केलं? दोन्हींचे स्पेक्स शेजारी शेजारी ठेवले. मोटिफमध्ये कारखान्यातून भरून आलेले आवाज 741 एमबीचे, मोंटाजमध्ये 5.67 जीबीचे. मोटिफवर एका वेळी 128 स्वर वाजतात, मोंटाजवर तेवढे आणि वर एफएम-एक्स नावाच्या वेगळ्या इंजिनाचे आणखी 128. टचस्क्रीन. ‘विचार काय करतोस, घे,’ म्हणालो. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. फोन घेताना लागतात तेवढीच.

एका रविवारी आम्ही मोंटाज बघायला गेलो. दादाने थोडा वेळ पियानो वाजवला, मग स्ट्रिंग्ज, मग बासरी. मान हलवली. विकणारा खूश. मग दादा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, ‘ह्यात हलगी कशी भरायची बे?’

मला प्रश्नच कळला नाही.

दादाच्या मोटिफमध्ये एक हलगी आहे. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या वादकाची. जाळावर शेकून, चामडं चढवून, मग माइकसमोर धरून वाजवलेली. माइक थेट मोटिफला लावला होता, कारण मोटिफमध्ये सॅम्पलर आहे: आवाज आत घ्या, तिथेच कापा, पट्ट्यांवर बसवा. कॉम्प्युटर नाही, कुणाच्या हातापाया पडणं नाही. ते वादक आता नाहीत. वरातीतल्या गाण्याला दादा डाव्या हाताने ती हलगी वाजवतो तेव्हा पुढे नाचणाऱ्यांना ती कुणाची आहे हे माहीत नसतं, पण पाय बरोबर पडतात.

2016 च्या मोंटाजमधून सॅम्पलर काढून टाकलेला होता. आवाज बाहेर रेकॉर्ड करायचा, कॉम्प्युटरवर कापायचा, वेव्ह फाइल पेनड्राइव्हवरून आत घ्यायची. जमतं, जमत नाही असं नाही. ‘लॅपटॉप तर आज सगळ्यांकडेच असतो,’ असं ह्यावर उत्तर मिळतं. ज्याच्याकडे असतो तोच हे म्हणतो, हे एकदा तपासून बघा.

आणि हे एकच नाही. मोटिफवर ताल आणि साथ रचून ठेवायला पॅटर्न सिक्वेन्सर होता. मोंटाज आला तेव्हा त्यात तो नव्हता. तो मिळाला 2019 च्या अपडेटमध्ये. म्हणजे सगळ्यात महागडं मशीन घेणाऱ्यांना तीन वर्षं आधीच्या मशीनमधल्या गोष्टीची वाट बघावी लागली. ह्याला आपण ‘अपग्रेड’ म्हणतो. माझ्या धंद्याने हा शब्द जगाला शिकवला आणि मला त्याची आता लाज वाटते.

कारण हे निर्णय कसे होतात ते मी आतून बघितलं आहे. मीटिंग असते. एक आलेख असतो: हे फीचर किती जण वापरतात? रेघ खाली असते. कुणीतरी म्हणतं, काढू या. मी स्वतः असं एक बटण काढलं आहे. नंतर एका वापरकर्त्याची तक्रार आली, रोजचं काम अडलं म्हणून. मी दुसरा मार्ग लिहून पाठवला, तक्रार बंद केली आणि जेवायला गेलो. आलेखात माणूस दिसत नाही, रेघ दिसते. आणि नव्या मॉडेलच्या जाहिरातीत काय वाढलं ते छापतात. काय गेलं ते छापत नाहीत.

आता खरं बोलायचं तर मोंटाजचीही बाजू आहे आणि ती लहान नाही. मोटिफवर वाजवता वाजवता आवाज बदलला की आधीच्या आवाजाचा इफेक्ट कापला जातो, मागची गुंजन तुटते. गायिका आलाप लांबवतेय आणि तुम्हाला स्ट्रिंग्जवरून बासरीवर जायचंय, तर ते तुटणं पहिल्या रांगेलाही कळतं. मोंटाज हे सुंदर निभावतो. दुसरं, मोटिफमध्ये भरलेले सॅम्पल मशीन बंद झालं की पुसले जातात. टिकवायचे तर वेगळा फ्लॅश बोर्ड बसवावा लागतो. बोर्ड नसेल तर मांडवात वीज गेली की हलगी गेली, परत पेनड्राइव्ह लावून भरत बसा. मोंटाजमध्ये ही जागा मुळातच आहे. तेव्हा जुना मोटिफ घेणार असाल तर बोर्ड आहे का हे आधी बघा, रंग-ओरखडे नंतर.

‘जुनं ते सोनं’ असं मी म्हणत नाहीये. 1982 साली मुंबईत चरणजित सिंग यांनी सिंथवर दहा रागांची रेकॉर्ड काढली. त्यासाठी त्यांनी घेतलेली रोलँडची यंत्रं तेव्हा नवीकोरी होती. त्यातलं टीबी-303 हे यंत्र बास गिटारची नक्कल म्हणून विकायला काढलेलं. पण ते एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातं, आणि रागाला नेमकं तेच लागतं. रेकॉर्ड चालली नाही. यंत्रही चाललं नाही, 1984 मध्ये बंद झालं. मग शिकागोच्या पोरांनी तेच पडेल भावात जुन्या बाजारातून उचललं आणि त्यातून ॲसिड हाउस नावाचं अख्खं संगीत निघालं. एकाने नवं घेतलं, दुसऱ्यांनी टाकलेलं घेतलं. दोघांनीही आधी हे बघितलं की त्यातून आपलं काय निघतं.

आणि कंपन्यांना हे कळत नाही असंही नाही. रोलँडचा एसपीडी-20 ऑक्टापॅड आपल्याकडच्या कुठल्या स्टेजवर दिसला नाही? 1998 चा तो. 2010 मध्ये एसपीडी-30 आला, सगळ्या बाबतीत पुढचा. तरी वादकांनी जुना सोडला नाही. शेवटी रोलँडने नव्या मशीनला एसपीडी-20 प्रो हे जुनंच नाव दिलं आणि जुने आवाज आत घातले. आमच्या दादासारख्या हजार जणांनी हट्ट केला नसता तर हे झालं असतं का? ह्या लोकांना आपण ‘अपडेट न होणारे’ म्हणतो.

दादाने मोंटाज घेतला नाही. एकदा मला म्हणाला, ‘तू सांगितलंस म्हणून मी सही करणार होतो.’ रागाने नाही, सहज. त्याच्या मोटिफची दोन बटणं दाबली की कधी लागतात, कधी नाही. ती एका ओळखीच्याकडून बदलून घेतोय. आवाज तुटतो तिथे त्याने एक उपाय काढला आहे: दोन आवाज एकाच परफॉर्मन्समध्ये ठेवतो, बासरी वरच्या पट्ट्यांवर आणि स्ट्रिंग्ज खालच्या. मी हे त्याला सांगू शकलो असतो. सुचलंच नाही, कारण मी टेबल बनवत होतो.

तुम्हीही कधी असं काही बघायला जाल. तेव्हा विकणाऱ्याला विचारा: आधीच्यात होतं आणि ह्यात नाही, असं काय काय आहे? दादाने त्या रविवारी विचारलं होतं. विकणाऱ्याने स्क्रीनवर बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘रंग बघा ना साहेब.’