विश्लेषण : लिंगबदलाच्या काळात स्वच्छतागृहाचा प्रश्न इतका अवघड का होतो?

लिंगबदल म्हटले की चर्चा शस्त्रक्रियेची होते. प्रत्यक्षात हार्मोन उपचारांचे परिणाम दिसायलाच काही महिने लागतात, काही बदल दोन-तीन वर्षे होत राहतात आणि अनेक जण शस्त्रक्रिया करतही नाहीत. या मधल्या काळात चेहरा, आवाज आणि ओळखपत्र यांचा मेळ बसत नाही. दिवसातून चार-पाच वेळा मात्र ‘पुरुष’ आणि ‘महिला’ यांपैकी एक दार निवडावेच लागते.

मग सवयी बदलतात. घरातून निघण्याआधी पाणी न पिणे, ऑफिसात गर्दी ओसरेपर्यंत थांबणे, सोबत मैत्रिणीला नेणे. लघवी दाबून ठेवल्याने मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. त्यात पारलिंगी स्त्रियांना टेस्टोस्टेरॉन रोखण्यासाठी अनेकदा स्पायरोनोलॅक्टोन दिले जाते. हे औषध मुळात लघवी वाढवणारे आहे. म्हणजे जिला वारंवार जावे लागते, तीच पाणी तोडून बसलेली असते.

पारलिंगी पुरुषांच्या अडचणीबद्दल तर कोणी बोलतच नाही. पुरुषांच्या स्वच्छतागृहात उघड्या मुताऱ्यांची रांग, दाराची खोली एखादीच आणि तिचीही कडी तुटलेली. टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर बहुतेकांची पाळी काही महिन्यांत थांबते. तोवर वापरलेले पॅड टाकायचे कुठे? तिथे कचरापेटीच नसते.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नाल्सा’ निकालात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहांचे निर्देश दिले. केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने २०१७ मध्ये स्वच्छ भारत मोहिमेच्या मार्गदर्शक सूचनांत त्यांना पसंतीचे स्वच्छतागृह वापरू द्यावे, असे म्हटले. २०१९ च्या कायद्याखालील २०२० च्या नियमांनी अशा सोयींसाठी सरकारांना दोन वर्षे दिली. ती मुदत सप्टेंबर २०२२ मध्येच संपली.

स्वतंत्र स्वच्छतागृह हा मात्र अर्धाच उपाय आहे. ज्याने ऑफिसात अजून काहीच सांगितलेले नाही, त्याच्यासाठी त्या तिसऱ्या दारातून आत जाणे म्हणजे सर्वांसमोर जाहीर करणे. त्यापेक्षा पूर्ण भिंतींची, आतून कडी लागणारी, कचरापेटी असलेली एकेकट्याची खोली बरी. महिलांच्या सुरक्षिततेची काळजी खरी आहे. तीही अशा खोलीने बऱ्याच अंशी मिटते. रेल्वेच्या डब्यात आणि घरात आपण सगळे एकच शौचालय वापरतोच. खर्चही डोंगराएवढा नाही, निदान नव्या इमारतीत तरी.

जुन्या ठिकाणी आज निर्णय घेतो तो दारात पैसे घेणारा कर्मचारी, तोही चेहरा पाहून. २०१७ ची सूचना त्याच्यापर्यंत कोणी पोहोचवायची, हे अजून ठरलेले दिसत नाही.