राजे बरे होते म्हणता? रायबरेली रोडने पुढे जाऊन पाहा

लखनौच्या वृंदावन योजना आणि तेलीबाग परिसरातल्या सर्व मराठी कुटुंबांना,

"या लोकशाहीपेक्षा राजे बरे होते." हे वाक्य आपल्यात हल्ली फार सहज बोललं जातं. बोलणारी माणसं वाईट नाहीत, सरकारी कचेऱ्यांत खेटे घालून कावलेली आहेत. पण हे वाक्य खोटं आहे, आणि आपण ज्या रस्त्याच्या कडेला राहतो तिथे तर ते कोणी उच्चारूच नये.

आपण मराठी लोक इथे १८५७ अभिमानाने सांगतो. बिठूरचे नानासाहेब, झाशीची राणी. लखनौत बेगम हजरत महलने बिरजिस कद्रला गादीवर बसवून इंग्रजांशी झुंज दिली. त्यांचं शौर्य मान्यच आहे. पण तो लढा गादी परत मिळवण्याचा होता; शेत कसणाऱ्याचं काय, हा प्रश्न त्यात मागेच राहिला. १८५८ च्या मार्चमध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंगने अवधची जवळपास सगळी जमीन जप्त केली, आणि पुढच्याच वर्षी शरण आलेल्या तालुकदारांना सनदा देऊन ती परत केली. नवाब गेला, त्याच्या जागी शेकडो छोटे राजे पक्के झाले, तेही कंपनीच्या जागी आलेल्या इंग्लंडच्या राणीच्या छत्राखाली.

या राजांच्या राज्यात कूळ कसं जगत होतं? १८८६ च्या कायद्याने पट्टा सात वर्षांचा. मुदत संपली की नजराणा भरा, नाहीतर बेदखली. मालकाच्या शेतात फुकट नांगर चालवायचा, ती बेगार वेगळी. मालकाने हत्ती किंवा मोटार घेतली तर तिची वर्गणीही कुळांकडून. कूळ मेलं की त्याची जमीन जास्त नजराणा देणाऱ्याला लावून द्यायची. लोक याला मुर्दाफरोशी म्हणत. थाट म्हणून जे आज आपण कौतुकाने पाहतो, ते वाडे या पैशावर उभे राहिले.

हे मोडायला पुढे झाला एक मराठी माणूस. ग्वाल्हेरकडचे श्रीधर बळवंत जोधपूरकर गिरमिटिया मजूर म्हणून फिजीला गेले, तिथे रामचंद्र झाले, परत येऊन प्रतापगडच्या खेड्यांत राहिले. तुलसीदासांचं रामायण म्हणत गावोगाव फिरले. झिंगुरी सिंह आणि सहदेव सिंह यांच्या रूर गावच्या किसान सभेला त्यांनी बळ दिलं. १९२० च्या जूनमध्ये शेकडो शेतकऱ्यांना घेऊन ते अलाहाबादला गेले. जवाहरलाल नेहरूंना खेडं दिसलं ते या माणसांमुळे. त्याच वर्षी बाबा रामचंद्रांना चोरीच्या आरोपाखाली पकडलं, तेव्हा इतके शेतकरी जमले की सरकारला त्यांना सोडावं लागलं.

७ जानेवारी १९२१ ला रायबरेलीजवळ, सई नदीकाठच्या मुन्शीगंजात शेतकऱ्यांच्या जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या. गणेश शंकर विद्यार्थी यांच्या 'प्रताप' वृत्तपत्राने ते छापलं, तर एका तालुकदाराने त्यांच्यावरच अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि गणेश शंकर विद्यार्थी तुरुंगात गेले. गोळीबाराच्या पुढच्या महिन्यात बाबा रामचंद्रही पकडले गेले. पण त्याच वर्षी सरकारला कायदा बदलून कुळाला हयातभर जमीन कसण्याचा हक्क द्यावा लागला. कोणा राजाच्या मनात दया उपजली म्हणून हे घडलं नाही.

जगभर असंच झालेलं आहे. फ्रान्समध्ये ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्क रद्द झाले म्हणतात, पण त्यांतले बरेच शेतकऱ्याने पैसे मोजून सोडवून घ्यायचे होते. शेतकरी अडून बसला. भरपाईविना ते संपले १७९३ च्या जुलैत, राजाचा शिरच्छेद होऊन गेल्यावर. आपल्या मराठवाड्यावर राज्य करणाऱ्या निजामाने १७ सप्टेंबर १९४८ ला शरणागती पत्करली. जहागिऱ्या गेल्या त्या १९४९ मध्ये, कूळकायदा आला १९५० मध्ये. सिंहासन एका दिवसात पडतं. सातबाऱ्यावरून राजाचं नाव काढायला मात्र माणसांना पुन्हा झगडावं लागतं.

शाहू महाराज, सयाजीराव यांची नावं कोणी पुढे करील. जरूर करावीत, ते थोर होते. पण कुळाचा हक्क पुढचा वारस कसा निघतो यावर अवलंबून का असावा? बाजूच्या संस्थानात जन्मलेल्या माणसाने काय करायचं? चांगल्या राजाचं उदाहरण देणारे या प्रश्नाला कधीच उत्तर देत नाहीत.

उत्तर प्रदेशात जमीनदारी संपली १ जुलै १९५२ ला. बाबा रामचंद्र १९५० मध्येच गेले होते. जमीनदारी संपतानाही मालकांना भरपाई मिळाली, सीर आणि खुदकाश्त (स्वतः कसायची म्हणून नोंदलेली) जमीन त्यांच्याकडेच राहिली, आणि शेतात राबणाऱ्या भूमिहीन दलित मजुराच्या हाती फारसं काही पडलं नाही. क्रांती अपुरी राहिली, हे खरं. पण अपुरं काम पुढे न्यायचं असतं, त्यासाठी पुन्हा राजवाड्याच्या दारात जायचं नसतं. आजही मतं मागायला कोणी 'राजासाहेब' म्हणून येतो आणि आपण हात जोडून उभे राहतो, ते पहिल्यांदा थांबवा.

दुसरी गोष्ट. मुन्शीगंजात हुतात्म्यांचं स्मारक आहे. आपल्या दारावरूनच जाणाऱ्या रस्त्याने दीड-दोन तासांत पोहोचता येतं. येत्या ७ जानेवारीला मुलांना घेऊन तिथे चला, आणि शिवजयंतीच्या कार्यक्रमात बाबा रामचंद्रांवर एक भाषण ठेवा.

– वृंदावन योजनेतले काही मराठी रहिवासी