लोकांचं भंगार?



नातवंडांसाठी कुणी रिमोटचं जुनं विमान घेतलं, की आपल्यातल्याच बायका म्हणतात, "लोकांचं भंगार कशाला? नवीन आणा की!" पर्युषणात अपरिग्रहावर प्रवचन ऐकायचं आणि घरी असं बोलायचं, हे मला मुळीच पटत नाही.

नवी वस्तू म्हणजे नवा आरंभ, नवी हिंसा. जुन्या विमानाचं बाल्सा लाकूड आधीच तोडलेलं आहे. मोडका पंख फेव्हिकॉलने सांधला, वरून नवी फिल्म इस्त्रीने बसवली, तर ते पुन्हा उडतं. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवायच्या, त्यांना कुणी भंगार म्हटलं नाही. बी.कॉम.ला घसारा शिकले, तेव्हाच कळलं: वहीत किंमत शून्य झाली म्हणून वस्तू संपत नाही.

"पण धोका?" आहेच. म्हणून तर यत्नाचार! फुगलेली लिथियम बॅटरी चार्ज करायची नाही; तेवढी नवीच घ्यायची. मोटर तपासताना पंखा काढून ठेवायचा. होटगी रोडच्या विमानतळापासून लांब, मोकळ्या मैदानात उडवायचं. पक्ष्यांचा थवा दिसला, की खाली उतरवायचं.

आणि हो, पंख सांधायला नातीलाही बसवा. दुरुस्ती ही काही फक्त मुलांची मक्तेदारी नाही.