घाटाची घाई नको

पांढुर्णा-सौसर पट्ट्यात पावसाळा सरला की नव्या सायकली रस्त्यावर येतात, आणि दोन-चार रविवार झाले की पोरांना सिल्लेवानीचा घाट खुणावू लागतो. सौसरहून रामाकोना ओलांडायचं आणि छिंदवाड्याच्या अंगाला चढायचं. घाट उत्तमच आहे, पण भारी गिअर टाकून उभ्यानं पायडल हाणत चढलेला घाट पुढं गुडघ्यांकडून वसूल होतो. प्रशिक्षक मित्रांनो, पहिले तीन महिने तरी पोरांना तिकडं नेऊ नका.

हे महिने संत्र्यांच्या बागांमधल्या आतल्या रस्त्यांवर काढावेत. हलका गिअर, मिनिटाला पायडलचे 80 ते 90 फेरे, आणि शेजारच्याशी सलग बोलता येईल एवढाच वेग. पोरं कंटाळतात, मोबाइलवर एकमेकांचे आकडे बघून चिडतातही. तरी धीर सोडू नये. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, स्नायुबंध मात्र आपल्या सवडीनं. दम आहे म्हणून अंतर एकदम दुप्पट केलं की दुखणं ठरलेलं.

आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्यानं पूर्ण केली. साधारण 4,800 किलोमीटर, 12 दिवसांच्या आत. झोप, जेवण, थांबे धरून सरासरी पडते तासाला 17 किलोमीटरच्या आसपास! हा हिशेब प्रत्येक नव्या पोराला कागदावर मांडून दाखवावा. त्याला वेगाहून न थांबणं शिकायचं आहे. म्हणून पहिली परीक्षा शर्यतीची नको, 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेची असावी. मुदत साडेतेरा तास, पहिला-दुसरा नंबर नाही. तिथं खाणंपिणं कळतं: तहान लागण्याआधी घोट, भूक लागण्याआधी केळं किंवा चिक्की, उन्हात मीठ-साखरेचं पाणी.

मग घाट. चढापेक्षा उतार जास्त शिकवावा लागतो, आणि तो बहुतेक ठिकाणी शिकवलाच जात नाही, ही आमची खरी तक्रार आहे. ब्रेक वळणाआधी दाबायचा, वळणात नाही. बाहेरच्या बाजूचा पाय खाली, भार त्याच्यावर, नजर वळण जिथं सुटतं तिथं. समोरून संत्र्यांचा ट्रक येणारच असं धरून आपली डावी बाजू सोडायची नाही. हे जमेपर्यंत पोरांना एकेकटं, अंतर ठेवून उतरवा.