'ना नफा' असेल हो, पण गेट कुणाला उघडतं?

आमच्या उपनगरातल्या एका क्रीडा संकुलाबद्दल गेल्या आठवड्यात दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर चौघांनी एकच उत्तर दिलं, "अहो, ती ना नफा तत्त्वावरची संस्था आहे." नाव तेव्हाही घेतलं नव्हतं, आताही घेत नाही. अशी संकुलं मुंबईत एक-दोन नाहीत, आणि मला बोलायचंय ते या उत्तराबद्दल.

ना नफा म्हणजे काय? उरलेला पैसा विश्वस्तांनी आपसात वाटून घ्यायचा नाही. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करायची, दरवर्षी हिशोब तपासून द्यायचे. बस्स. मेंबरशिप एखाद्या घराच्या वर्षभराच्या कमाईएवढी ठेवली तरी संस्था ना नफाच राहते. हॉल लग्नाला दिला, लॉनवर संगीत रजनी लावली, मैदानाचा निम्मा भाग पार्किंगला गेला, तरीही ना नफाच. आणि अशा ठिकाणी खरी मलई पैशात असतेच कुठे? कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, उद्घाटनाला कुणाचा बॅनर लावायचा, निवडणुकीच्या वेळी हॉल कुणाला द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार हातात असतो. त्याची नोंद कुठल्या ताळेबंदात येते, सांगा बघू.

बरं, जमीन कुणाची? तुमची-माझी. विकास आराखड्यात खेळाचं किंवा मनोरंजनाचं मैदान म्हणून राखलेली. आराखड्याच्या अभ्यासात मुंबईकराच्या वाट्याला येणारी मोकळी जागा माणशी १.२४ चौरस मीटर निघाली होती. वर्तमानपत्राची तीन पानं उलगडून जमिनीवर अंथरा, तेवढी. त्यातलंही एक पान कुणाच्या तरी मेंबरशिपखाली जाणार असेल तर मी गप्प का बसू?

२०१६ चा जानेवारी आठवतोय का? महापालिकेने मैदानं आणि बागा खासगी संस्थांना सांभाळायला देण्याचं धोरण मंजूर केलं आणि शहरभर बोंब उठली. मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली, आधी दिलेले २१६ भूखंड परत घ्या म्हणून सांगावं लागलं. साध्या बागा परत घेणं सोपं होतं. गाडी अडली ती जिथे क्लबच्या इमारती उभ्या होत्या तिथे. हे भूखंड कुठल्या एका पक्षाच्या लोकांकडे होते असंही नाही, त्या बाबतीत सर्वपक्षीय एकी वाखाणण्याजोगी होती. २०२३ मध्ये पुन्हा दत्तक धोरणाचा मसुदा आला. तोही लोकांनीच आरडाओरडा करून अडवला. तेव्हा तर महापालिकेत नगरसेवकच नव्हते. २०२२ च्या मार्चपासून प्रशासकाचा कारभार, विचारायचं कुणाला?

आता तुम्ही म्हणाल, संस्थेला दिलं नाही तर मैदानाचा उकिरडा होतो. खरंय. डेब्रिज पडतं, रात्री बाटल्या फुटतात, एका पावसाळ्यात गवत गुडघ्यापर्यंत येतं. मी डोळे मिटून बसलेलो नाही. पण २०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. एवढ्या पैशात एक माळी, दोन वॉचमन आणि संडासाला पाणी होत नाही? आणि समजा, नाहीच जमलं, तर देखभाल द्या ना बाहेर. झाडलोट करायला दिलेल्या माणसाला कुणी घराची किल्ली आणि सातबारा देतं का?

संस्थांवर माझा राग नाही. शिवाजी पार्कला जा. तिथे जिमखाना आहे, पण मैदान जिमखान्याचं नाही. कट्ट्यावर कुणीही बसतं, कुठूनही आत शिरतं, एकावर एक खेटून पिचवर पोरं खेळतात. शेजारी श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. तिथे उदय देशपांडे सरांनी कित्येक वर्षं मल्लखांब शिकवला. दृष्टिहीन मुलांनाही दोरावर चढवलं. २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवर झाली, २०२४ मध्ये सरांना पद्मश्री मिळाली. हीसुद्धा संस्थाच आहे. तिच्यासाठी शिवाजी पार्कला कुंपण घालावं लागलं नाही.

"ट्रस्ट खासगी आहे, तुम्हाला माहिती का द्यायची?" हेही ऐकवलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात सांगितलंय की सरकारच्या मोठ्या आर्थिक आधारावर चालणारी स्वयंसेवी संस्थाही माहिती अधिकाराखाली येते, आणि शहरातली जमीन फुकट किंवा भरघोस सवलतीत मिळाली असेल तर तोसुद्धा असा आधार ठरू शकतो. संस्थेने तरीही टाळलं तर महापालिका आहेच. करार तिच्या कपाटात आहे, तिला टाळता येत नाही.

तेव्हा वाद घालण्यापेक्षा एक काम करू. आपल्या वॉर्ड ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, नाहीतर तेवढ्यावरच परत पाठवतात. भूखंडाचं आरक्षण काय, किती क्षेत्रफळावर बांधकामाला परवानगी होती, करार कधी संपतो किंवा संपला, बिनमेंबर लोकांसाठी कुठले तास ठरलेत, एवढंच विचारा. "मैदान बळकावलंय" वगैरे भाषणं अर्जात नकोत, ती इथे करायला मी आहे. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. माझा अर्ज सोमवारी जातोय. ज्यांना आपल्या वॉर्डातला टाकायचाय त्यांनी मेसेज करा, मसुदा पाठवतो.