सूर्य कोपला तर देवळीचे रोहित्र कोण राखणार?

वर्धा, विशेष प्रतिनिधी

वर्धा जिल्ह्यातील देवळी परिसरात उभ्या असलेल्या पॉवर ग्रिडच्या ७६५ केव्ही उपकेंद्राचा आणि सूर्याचा संबंध काय, असा प्रश्न कोणालाही पडावा. वैदर्भीय माणसाला सूर्याचा कोप ठाऊक आहे तो मे महिन्यातील ४६-४७ अंशांच्या पाऱ्यापुरता. मात्र सूर्याचा आणखी एक कोप आहे. तो अंगाला चटका देत नाही, डोळ्यांना दिसत नाही, पण शेकडो किलोमीटर लांबीच्या वीजवाहिन्यांमध्ये नको असलेला प्रवाह घुसवितो. या कोपाची जगातील सर्वांत मोलाची नोंद महाराष्ट्रातच झाली आहे आणि तिचा अर्थ लावण्यात एका भारतीय अवकाश-भौतिकशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे, ही बाब आपल्याकडे फारशी चर्चिली गेलेली नाही.

कुलाब्याची नोंदवही

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असताना त्यांना डागांच्या समूहावर अचानक झगझगीत प्रकाश दिसला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. अमेरिकेत तारायंत्रांच्या तारांमध्ये इतका प्रवाह आला, की काही ठिकाणी बॅटरी काढून टाकल्यावरही संदेश जात राहिले. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाबा वेधशाळेतील कर्मचारी नित्याप्रमाणे चुंबकसूचीचे आकडे डोळ्यांनी वाचून वहीत टिपत होते. सूची वेडीवाकडी धावू लागली, तरी त्यांनी टिपणे थांबविली नाहीत.

या वहीचे महत्त्व कळायला जवळजवळ दीड शतक जावे लागले. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे प्रा. गुरबक्ष सिंग लखिना आणि डॉ. शोभना अलेक्स, अमेरिकेचे ब्रुस त्सुरुतानी व ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ या चौघांनी २००३ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या वादळात कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला होता, असे त्यातून जगापुढे आले. तुलनेसाठी सांगायचे तर १९८९ च्या मार्चमधील गाजलेल्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे ५८९, तर मे २०२४ च्या वादळाचा उणे ४०० च्या आसपास होता.

एका संशोधकाची वाटचाल

प्रा. लखिना हे मूळचे प्लाझ्मा भौतिकीचे अभ्यासक. विद्युत्‌भारित कणांच्या वायूत लाटा कशा उठतात, त्या कणांना ऊर्जा कशा देतात, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा राहिला. हे शास्त्र पृथ्वीपुरते मर्यादित नाही. गुरू ग्रहाच्या चुंबकीय कवचाच्या सीमेवरील लाटांचाही अभ्यास त्यांनी त्सुरुतानी यांच्यासमवेत केला. पुढे त्यांनी भूचुंबकत्व संस्थेचे संचालकपदही भूषविले. गणिती सूत्रांत रमणारा हा शास्त्रज्ञ जुन्या दप्तराकडे वळला आणि त्या दप्तरातून जगाला वादळाचा मापदंड मिळाला.

सूर्याकडून येणाऱ्या कणांचा ग्रहांच्या वातावरणावर काय परिणाम होतो, हा याच अभ्यासाचा दुसरा पदर होय. मंगळाला पृथ्वीसारखे सर्वव्यापी चुंबकीय कवच नाही. त्यामुळे सौरवारा त्याचे वातावरण सेकंदाला सुमारे शंभर ग्रॅम या वेगाने हिरावून नेतो, असे नासाच्या 'मावेन' यानाच्या निरीक्षणांवरून २०१५ मध्ये जाहीर झाले. सौरवादळ आले की हा वेग वाढतो. पृथ्वीला कवच असले, तरी तिचे वरचे वातावरण वादळात तापून फुगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका मध्यम वादळानेही खालच्या कक्षेतील हवेचा अवरोध इतका वाढविला, की 'स्टारलिंक'चे नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ उपग्रह गमावण्याची वेळ आली.

ट्राम आली, वेधशाळा हलली

कुलाब्याची ही परंपरा टिकली, ती एका दूरदृष्टीच्या निर्णयामुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येऊ घातली होती. तिच्या प्रवाहामुळे नाजूक चुंबकीय नोंदी बिघडणार, हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. तेथे लोखंडाचा वापर टाळून, चुंबकीय गुणधर्म नसलेल्या दगडांत इमारत उभारण्यात आली. १९०४ पासून अलिबागला नोंदी सुरू झाल्या आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर मोजमाप करून मगच कुलाब्याचे काम थांबविण्यात आले. जुन्या व नव्या आकड्यांचा सांधा त्यामुळे तुटला नाही. आज संस्थेच्या देशभरातील केंद्रांच्या साखळीत नागपूरचाही समावेश आहे.

वर्ध्याचा संबंध

छत्तीसगडमध्ये निर्माण होणारी वीज रायपूर-वर्धा-औरंगाबाद या ७६५ केव्ही वाहिन्यांवरून पश्चिमेकडे जाते. दक्षिणेकडे निजामाबादच्या दिशेने जाणारी वाहिनीही वर्ध्यातूनच निघते. देशाच्या वीजजाळ्यातील वर्धा हा एक महत्त्वाचा सांधा आहे. भूचुंबकीय क्षेत्र वेगाने बदलते, तेव्हा जमिनीत विद्युत्‌दाब निर्माण होतो आणि रोहित्राच्या जमिनीशी जोडलेल्या तारेतून जवळजवळ एकदिश प्रवाह वाहिनीत शिरतो. प्रत्यावर्ती प्रवाहासाठी बनविलेल्या रोहित्राचा गाभा त्यामुळे संपृक्त होतो व आतील भाग तापू लागतो. वाहिनी जितकी लांब आणि तिचा रोध जितका कमी, तितका हा प्रवाह अधिक. अतिउच्चदाब वाहिन्यांमध्ये नेमके हेच गुण असतात.

१३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्यूबेक प्रांताचे वीजजाळे सुमारे दीड मिनिटात कोसळले आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. 'हा ध्रुवाजवळच्या देशांचा प्रश्न' असे म्हणून तो सोडून देण्याची प्रथा आहे. धोका तेथे अधिक, हे खरेच. परंतु ऑक्टोबर २००३ च्या वादळानंतर ध्रुवांपासून दूर असलेल्या दक्षिण आफ्रिकेतही रोहित्रांचे नुकसान नोंदले गेले.

येथे कुलाब्याच्या आकड्याविषयीचा एक वाद लक्षात घ्यायला हवा. जगभराची ताशी सरासरी काढली तर १८५९ च्या वादळाची तीव्रता उणे ८५० ते ९०० च्या आसपास असावी, असे नंतरच्या अभ्यासकांनी मांडले. कुलाब्याची काही घसरण मुंबईच्या आकाशातील स्थानिक प्रवाहांमुळे झाली असावी, अशीही शक्यता व्यक्त झाली. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने हा मतभेद महत्त्वाचा आहे. वर्ध्याच्या दृष्टीने मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष दिलासा देणारा नाही. रोहित्राला जागतिक सरासरीशी देणेघेणे नसते. त्याच्या पायाखालच्या जमिनीत काय घडते, यावर त्याचे भवितव्य ठरते. आणि एवढी मोठी घसरण आपल्याच अक्षांशांवर प्रत्यक्ष घडली आहे, हे वही सांगते.

सूचना मिळते, पुढे काय?

२ सप्टेंबर २०२३ रोजी झेपावलेले 'आदित्य एल-१' जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील कक्षेत स्थिरावले. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या 'आयुका'ने साकारली आहे. सूर्यावरील उद्रेक दिसल्यापासून वादळ येईपर्यंत साधारण एक ते तीन दिवस मिळतात. पण त्यातील चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे आहे की नाही, म्हणजेच ते खरोखर धोकादायक आहे की नाही, हे ते यानापर्यंत पोहोचल्यावरच खात्रीने कळते. तेव्हा हाती उरतो अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही कमी.

या अवधीत कोणत्या वाहिन्यांवरील भार कमी करायचा, दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या कोणत्या वाहिन्या तातडीने सुरू करायच्या, हे आधीच कागदावर ठरलेले असावे लागते. महत्त्वाच्या रोहित्रांवर अशा प्रवाहाचे मापन सतत व्हावे लागते आणि त्या नोंदी अलिबाग-नागपूरच्या चुंबकीय नोंदींशी ताडून पाहाव्या लागतात. एवढे मोठे रोहित्र बाजारात तयार मिळत नाही. ते बनवून, वाहून आणून बसविण्यात महिने जातात. ३१ जुलै २०१२ रोजी देशातील तीन वीजजाळी एकाच वेळी कोसळली, तेव्हा कारण सौरवादळ नव्हते. पण एका सांध्यावरचा ताण किती दूर पोहोचतो, हे साठ कोटी लोकांनी अनुभवले.

१८५९ मध्ये कुलाब्याच्या कर्मचाऱ्यांना आपण काय टिपतो आहोत, याची कल्पना नव्हती. तरीही त्यांनी काम चोख केले. आज आपल्याला सारे ठाऊक आहे. म्हणूनच वर्ध्याच्या रोहित्रांवर नोंदवही उघडण्याची वेळ वादळ येण्यापूर्वीची आहे, नंतरची नव्हे.